पेवावरची घोंगडी

सासरे पेवात पालथे पडले होते. वरून मला त्यांची पाठ आणि एक तळपाय एवढंच दिसत होतं. पाठ हलत नव्हती. मी पेवाच्या तोंडाशी गुडघे टेकून वाकले तर आतून आंबूस वाफ नाकात गेली आणि डोळ्यांना पाणी आलं. हाक मारायला तोंड उघडलं, आणि तेव्हा लक्षात आलं की या माणसाला मी आजवर एकदाही हाक मारलेली नाही. काय म्हणून मारायची तेही कधी ठरलं नव्हतं. शेवटी नुसतंच "आवं, आवं" करून ओरडले. खाली काही हललं नाही.

घरात दुसरं माणूस नव्हतं. सासूबाई ओढ्यावर धुण्याला गेल्या होत्या. मालक पलटणीत होते, ब्रह्मदेशाकडच्या सरहद्दीवर कुठंतरी. मोठं युद्ध चालू होतं ती ही वर्षं. आमच्या आळीतले निम्मे तरुण फौजेत होते आणि उरलेले बहुतेक त्या वेळी शेतात होते. अंगणात मी होते, गोठ्यात म्हैस होती आणि सासरे जमिनीखाली होते.

पेव म्हणजे काय ते आताच्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. घरासमोरच्या घट्ट जमिनीत रांजणासारखा खड्डा खणायचा. तोंड अरुंद, पोट मोठं. आतून शेणमातीनं लिपायचा, आत कडबा जाळून भाजून काढायचा. मग बुडाला आणि कडेला भुसकट आणि पाचट लावायचं, त्यात शाळूची ज्वारी गळ्यापर्यंत ओतायची, वर पुन्हा भुसकट, वर फरशी आणि फरशीवर चिखल. वारा आत जाता कामा नये. वारा गेला नाही तर टोका जगत नाही, सोंडा जगत नाही, कसलीच कीड जगत नाही, आणि ज्वारी दोन दोन, तीन तीन वर्षं आहे तशी राहते. थोडा वास येतो. धुऊन उन्हात घातली की तोही जातो.

हल्ली सांगलीच्या बाजारात सफरचंदं बारा महिने मिळतात. मी नातवाला विचारलं, ही काश्मीरची फळं उन्हाळ्यात कुठून येतात. तो म्हणाला, आजी, गार खोलीत बंद करून ठेवतात, आतली हवा सुद्धा काढून घेतात, वर्षभर टिकतात. आत माणूस गेला तर मरतो म्हणे. मी म्हटलं, ते मला सांगू नकोस.

जी हवा किड्याला जगू देत नाही ती माणसालाही देत नाही, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून पेव उघडलं की त्याच दिवशी कोणी उतरायचं नाही. आदल्या दिवशी फरशी काढायची, दिवसभर आणि रात्रभर तोंड उघडं टाकायचं. दुसऱ्या दिवशी दोरीनं दिवा आत सोडायचा. दिवा तळाला जळत राहिला तर उतरायचं, विझला तर नाही. सासऱ्यांनी हे सगळ्या आळीला शिकवलेलं. पेव भरायला आणि उघडायला त्यांना आष्ट्यापर्यंत बोलावणी यायची.

त्या वर्षी पावसानं भाद्रपदापर्यंत नुसती भुरभुर केली. घरातल्या कणगीतली ज्वारी संपली. आदल्या उन्हाळ्यात आम्ही पेव थोडं उपसून परत बंद केलं होतं, तेच आता उघडायचं ठरलं. आमच्याच घरचं नव्हे, भावकीतल्या आणखी घरांचंही त्याच्यावर चालणार होतं. सासऱ्यांनी दुपारी फरशी काढली, मला म्हणजे म्हशीला सांगितलं की तोंड उघडं राहू दे, आणि ते मळ्यात राखणीला गेले. रात्री तिकडंच झोपायचे.

म्हशीला का, तेही सांगते. सुनेनं सासऱ्यापुढं उभं राहायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, अंगाला अंग लागायचं तर नावच नाही, अशी तेव्हाची रीत. काही सांगायचंच झालं तर सासूला उद्देशून किंवा घरातल्या पोराला उद्देशून सांगायचं. मला पोर झालेलं नव्हतं. सासू घरात नसली की मी दाराआडून म्हशीशी बोलायची. "म्हसाबाई, भाकरी वाढलीया." सासरे येऊन पाटावर बसायचे. त्यांना कालवण पाहिजे असलं तर तेही म्हशीला सांगायचे. म्हैस शहाणी होती. दोघांचं ऐकून घ्यायची आणि मध्ये बोलायची नाही.

तर सासरे मळ्यात गेले आणि दिवेलागणीला सासूबाई अंगणात आल्या. उघडं पेव बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"तिन्हीसांजंला धान्याचं तोंड उघडं? लक्षुमी निघून जाईल की गं."

"त्ये म्हणलं, उघडं ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं.

"त्यांला काय कळतंय. धान्य पुरुषाचं, लक्षुमी बाईची. आन घोंगडी."

मी घोंगडी आणली. तिची दोन टोकं मी धरली, दोन त्यांनी. चौघडी करून पेवाच्या तोंडावर घातली आणि कडेला दगड ठेवले. पहाटे उठून त्यांनी ती काढली, घडी करून माचावर टाकली आणि तोंड धुऊन देवापुढं बसल्या. सासरे ऊन वर आल्यावर मळ्यातून आले. त्यांच्या हिशेबानं पेव कालच्या दुपारपासून उघडं होतं. खरं तर पाखरं घरट्याकडं वळल्यापासून उजाडेपर्यंत ते झाकलेलं होतं.

रॉकेल रेशनवर, कंदील कोरडा. म्हणून सासऱ्यांनी डब्यात पणती ठेवून दोरीनं आत सोडली. निम्म्यात विझली. पुन्हा पेटवून सोडली. पुन्हा विझली.

"त्याल भेसळीचं," ते म्हशीला म्हणाले.

मी गोठ्याच्या दारात शेण काढत होते. पाठ तिकडं करून म्हशीला म्हटलं, "म्हसाबाई, रातभर पेवावर घोंगडी व्हती. आज उतरायचं न्हाई."

सासरे थांबले. त्यांना ऐकू आलं होतं, यात शंका नाही. मग खाकरून म्हणाले, "म्हशीला म्हणावं, आमी पेवं भरत व्हतो तवा तू रेडकू बी नव्हतीस."

घोंगडीचं त्यांना खरं वाटलं नाही, की सुनेचं ऐकून थांबायचं बरं वाटलं नाही, मला माहीत नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, आठवत न्हाई. खुंट्याला बांधलेला दोर धरून ते खांदे तिरके करून आत उतरले. ज्वारीवर पाय टेकले, पाटी सरळ केली, एकदा खाली वाकले आणि तसेच पुढं पडले.

इथून पुढचं मी भराभर केलं. विचार करायला वेळ नव्हता, आणि मला तशी सवयही नाही.

आधी वेशीकडं तोंड करून बोंब ठोकली. मग माचावरची घोंगडी घेतली, घागरभर पाणी तिच्यावर ओतलं, दोन टोकं धरून पेवात सोडली आणि जोरानं वर ओढली. पुन्हा सोडली, पुन्हा ओढली. खालची हवा जड असते, ती अशी घुसळून काढावी लागते. विहिरीत वाईट हवा असली की आमच्या माहेरी लिंबाच्या डहाळ्यांनी असंच करायचे. ओली घोंगडी म्हणजे रेड्याएवढी जड. माझे हात खांद्यातून निखळतात की काय असं झालं.

तेवढ्यात सासूबाई धुण्याची बुट्टी घेऊन आल्या. आत बघितलं, बुट्टी टाकली आणि सरळ पेवात पाय घातला.

मी त्यांना छातीला धरून मागं ढकललं. त्या अंगणात बसल्याच. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्या शब्दाबाहेर गेले नव्हते.

"तुमी ग्येला तर दोन मुडदं," मी म्हटलं. "ह्ये धरा. खाली सोडा आन वर वडा. थांबू नका."

त्यांच्या हातात घोंगडी दिली. त्यांनी ओढली. बाई हडकुळी होती पण कामाला कधी मागं सरली नाही. ओढता ओढता औंधाच्या यमाईला साडीचोळी बोलत होत्या.

बोंब ऐकून पहिला आला तो भावकीतला पैलवान, माझा चुलत दीर. तालमीत होता, अंगाला अजून माती. वयानं माझ्याएवढाच, पण देह असा की दारातून आडवा जायचा. त्यानं आत बघितलं, लंगोट आवळला आणि दोर धरून उतरायला गेला. कमरेपर्यंत गेला आणि छातीला अडकला. दंड वर, पाय खाली लोंबकळत. ना आत, ना बाहेर.

"आरं निघ तिकडनं," सासूबाई म्हणाल्या. "बूच बसलंय नुसतं."

"काकी, शिव्या मागनं द्या. वडा मला."

आम्ही दोघींनी त्याला काखेत धरून उपसला. छाती सोलून निघाली त्याची. अंगणात आणखी दोन म्हातारे जमले होते आणि काही बाया. म्हातारे म्हणत होते की वाण्याचा पोरगा येऊ द्या, त्यो बारीक हाय. वाण्याचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला.

मी म्हटलं, "मी जाती."

मग एक म्हातारी, जिला दुसऱ्याच्या घरातलं सगळं कळायचं, ती म्हणाली, "सून सासऱ्याला धरनार व्हय? उचलून? काय ऱ्हायलं मग?"

"सासरा ऱ्हाईल," सासूबाई घोंगडी ओढत म्हणाल्या. "तू बाजूला सर. वारा अडवू नगंस."

माझं माहेर कऱ्हाडच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला. लहानपणी भोपळे बांधून पोहायला शिकले आणि मग भोपळे टाकून दिले. डोहाच्या तळाची वाळू मुठीत घेऊन वर यायची आमच्यात पैज असायची. पोरांना मी हरवलेलं आहे. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण खरी हुशारी माझी पाण्यात. श्वास धरणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको होतं. सासरी आल्यावर पोहणं सुटलं. सुना पोहत नसतात. पण फुप्फुस काही सासरी-माहेरी बघत नाही.

काष्टा वर आवळला, पदर कमरेला खोवला. डोक्यावरचा पदर गेला तो गेला. कमरेला सोल, म्हणजे बारीक दोर, बांधला आणि त्याचं टोक पैलवानाच्या हातात दिलं.

"भावजी, मी सोल हिसकला की वर घ्या. न्हाई हिसकला तरी घ्या. लय वेळ वाट बघू नका."

"व्हय वैनी."

मोटेच्या नाड्याचं एक टोक वर ठेवून दुसरं हातात घेतलं. तो जाड, माणसाचं वजन पेलणारा. छाती भरून घेतली आणि उतरले.

आत गरम होतं. ज्वारीत पाय पोटऱ्यांपर्यंत रुतले. डोळे उघडे ठेवले तर झोंबत होते, म्हणून निम्मे मिटले. सासऱ्यांचं तोंड ज्वारीत गेलं होतं. खांद्याला धरून उलटे केले. तोंडात दाणे, नाकाशी दाणे. बोटं घालून दाणे काढले. काढताना बोटांना थोडी ऊब लागली. श्वास होता की नुसती पेवाची ऊब होती, ते कळलं नाही. नाडा पाठीखालून घालायला गेले तर माणूस जड, ज्वारी सरकती, हात पोचेना. छाती फुटायला आली. सोल हिसकला.

वर आले तेव्हा डोळ्यांपुढं काळं होतं. पैलवान म्हणाला, "बास वैनी. दुसरं कुणीतरी बघू."

"कोण?" मी विचारलं.

सासूबाईंनी तोवर घोंगडी चार वेळा घुसळली. मी दम घेतला, थुंकले, पुन्हा छाती भरली आणि उतरले.

या वेळी घाई केली नाही. डोहात घाई केली की श्वास लवकर संपतो, हे अंगाला ठाऊक होतं. त्यांच्या मागं बसले, त्यांना माझ्या छातीशी टेकवून बसते केले, दोन्ही काखांतून नाडा घेतला आणि पुढं गाठ मारली. कडब्याच्या पेंढीला मारतो तशी निरगाठ, सुटायची नाही अशी. दोनदा ओढून बघितली. आयुष्यात सासऱ्यांच्या अंगाला माझा हात लागला तो असा, आणि तेव्हा मला लाज वाटली का असं कोणी विचारलं तर, नाही. गाठ नीट बसली का एवढंच डोक्यात होतं. मग मी वर गेले, कारण तोंडातून एका वेळी एकच माणूस निघतं.

नाडा पैलवानानं एकट्यानं ओढला. म्हातारे हात लावायला आले तर म्हणाला, "सरा, पायात येऊ नगा." टाचा मातीत रोवल्या आणि मागं मागं गेला. सासरे पेवाच्या गळ्यापर्यंत आले आणि खांद्याला अडकले. मी पालथी पडून आत हात घातला, त्यांचा एक हात धरून डोक्यावर उभा केला. खांदे तिरके झाले आणि माणूस बाहेर आला. एका बाजूची कातडी तिथंच राहिली, पण माणूस आला.

तोंड निळं होतं. कुशीवर घातले. सासूबाईंनी पाठीवर धपाटे घातले, असे की मेलेला उठावा. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. मी पुन्हा तोंडात बोट घातलं तर जिभेखालून आणखी दाणे निघाले. ते काढले आणि सासऱ्यांनी माझं बोट चावलं.

मी सांगते, त्या चावण्याएवढा आनंद मला मुलगा झाला तेव्हाही झाला नाही.

मग खोकला आला. लांबलचक, घाणेरडा खोकला. त्यात आणखी ज्वारी पडली. मग डोळे उघडले. माझं तोंड त्यांच्या तोंडासमोर, पदर डोक्यावर नाही, केस सुटलेले, केसात भुसकट. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. म्हशीकडं बघितलं नाही.

"पाय कुठं ठिवलंस?" ते म्हणाले. "ज्वारी तुडवली न्हाईस न्हवं?"

माझ्याशी सरळ बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"तुडवली," मी म्हटलं. "तुमी मधी पडला व्हता. कडंनं कशी जाऊ, मामंजी?"

पैलवान हसायला लागला. मग म्हातारे हसले. सासूबाई तेवढ्या रडायला लागल्या, आणि रडता रडता त्या म्हातारीला म्हणाल्या, "बघ काय ऱ्हायलं ते. बघून जा."

संध्याकाळपर्यंत सासरे बसते झाले. ताक प्यायले. डोकं दुखत होतं आणि पाय लटपटत होते, पण जीभ ठीक होती. सासूबाईंना त्यांनी विचारलं, "घोंगडी कुणी घातली?"

"मी. लक्षुमी ग्येली असती."

"आन मी ग्येलो असतो त्ये?"

"तुमी काय, तुमी रोजच कुठंतरी जाताय. लक्षुमी एकदा ग्येली की येत न्हाई."

पण त्या संध्याकाळी पेव उघडं राहिलं. सासूबाईंनी तोडगा काढला. पेवाच्या कडेला तुळशीपुढची पणती आणून लावली, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, आता लक्षुमीला दिसंल घर कुठं हाय ते. आमच्या गल्लीत पुढं सगळ्याजणी तसंच करायला लागल्या. घोंगडी घालायची कोणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी उतरायचं नाही असं सासऱ्यांनीच सांगितलं, मला, तोंडावर. तिसऱ्या दिवशी पणती तळाला जाऊन जळत राहिली. आधी मी उतरले. आता मला कोणी अडवलं नाही. वरचा आणि भिंतीलगतचा थर काळा पडला होता, पावसाची ओल कुठून तरी शिरली होती. त्यानंच ती हवा एवढी नासली. तो थर उपसून गुरांना टाकला. त्याखाली हात घातला तर कोरडी, पिवळसर, एकसारखी ज्वारी. मुठीत घेतली तर खळखळ वाजत होती. किडा नाही, जाळं नाही. तीन वर्षांपूर्वी भरलेली, काल मळलेली वाटावी अशी. पाटीवर पाटी वर गेली. अंगणात ढीग झाला. पैलवानाच्या घरी दिली, त्या म्हातारीच्या घरीही दिली. तिनं पदर पसरून घेतली आणि मला म्हणाली, "लय धीराची गं तू." मी म्हटलं, "व्हय." नम्रपणा दाखवायला मला कधी जमलं नाही, आणि तेव्हा गरजही नव्हती.

भाकरीला थोडा वास येत होता. कोणी नाव ठेवलं नाही. नवीन शाळू येईपर्यंत त्या पेवानं सगळ्या भावकीला पोसलं.

पुढं सासरे पेव उघडायला आष्ट्याला, तासगावच्या बाजूला जायचे तेव्हा लोकांना सांगायचे, दिवा विझला तर उतरू नगा, आमच्या सुनंला इचारा. मी दाराआडून बोलणं सोडून दिलं. गावात थोडे दिवस चर्चा झाली, मग दुसरं कोणाचं तरी काहीतरी निघालं.

युद्ध संपल्यावर मालक घरी आले. सासऱ्यांनी नातवंडं बघितली, त्यातल्या थोरल्याचं लग्नही बघितलं, आणि मग म्हातारपणानं अंथरुणात गेले. पेवात उतरलेली आम्ही दोघं. ते त्या दिवशी वाचले, आणि मी अजून आहे.